मासळीतील पारा व आहारातील सावधगिरी

मासळी ताजी असली म्हणजे ती खाण्यास निर्धोक होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कल्ले लाल आहेत की नाहीत, हे पाहूनच गृहिणी मासळी घेते. नासक्या मासळीपुरती ही कसोटी योग्यच आहे. परंतु ज्या विषाला रंग नाही, वास नाही व चवही नाही, त्यापुढे ती निरुपयोगी ठरते.

जपानमधील मिनामाता येथे हे १९५६ साली उघडकीस आले. कोळ्यांच्या मुलांचे हातपाय बधिर होऊ लागले, चाल अडखळू लागली, बोलणे अस्पष्ट झाले. त्यापूर्वी गावातील मांजरे वेड्यासारखी उड्या मारीत मरत होती. पण मांजरांकडे लक्ष देतो कोण? प्रथम हा साथीचा रोग समजून रोग्यांची घरे टाळण्यात आली. खरे कारण होते चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे समुद्रात सोडलेले पारायुक्त सांडपाणी. ते १९६८ पर्यंत चालूच होते. ज्या माता वरकरणी धडधाकट होत्या, त्यांच्या पोटी पंगू मुले जन्मली. कारण आईच्या आहारातील पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचला होता.

पाण्यात पारा अल्प असतो, मग माशात इतका कोठून येतो? सूक्ष्म जीवांतील पारा लहान माशात साठतो. मोठा मासा असे शेकडो लहान मासे गिळतो आणि त्या सर्वांचा पारा त्याच्या मांसात राहतो. ही साखळी फळ्यावर काढून दाखविल्यास चौथीच्या मुलांनाही सहज उमगते.

हा पारा मांसातच जखडलेला असल्याने धुण्याने, शिजविण्याने किंवा खारविण्याने जात नाही. तेव्हा निवड हाच उपाय. मुशीसारखा मोठा शिकारी मासा गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी टाळावा. तारली, मांदेली, बांगडा यांत पारा सामान्यतः कमी असतो. ही मासळी स्वस्तही आहे. मासळी अजिबात सोडावी असा याचा अर्थ नव्हे. तसे केल्यास गरिबाच्या मुलाच्या ताटातील उत्तम प्रथिने मात्र जातील.

डीडीटीसारखी कीटकनाशके चरबीत साठतात; तेथे कातडी व पोटाकडील चरबी काढून टाकल्याने काही अंशी लाभ होतो. ओढ्यात कीटकनाशक ओतून धरलेली, अथवा कारखान्याच्या सांडपाण्याखाली मरून तरंगणारी मासळी मुलांनी घरी आणू नये, हे पावसाळ्यापूर्वीच वर्गात सांगून ठेवावे.