चेसी कंपनीची, बाकी गावाची

वडशाला ट्रकची ओळख करून द्यावी लागत नाही. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे भेटते ती इथेच, गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावर. त्यामुळे सागवान, बांबू, तेंदूपत्ता, धान, जंगलातून नि शेतातून जे निघालं ते आधी ट्रकवर चढलं. दिवाळी उलटली की झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्याही याच गावातून पडदे, नेपथ्य, कर्णे गाडीत भरून निघतात. अशा गावात जुना ट्रक भंगारात न घालता अंगणात उभा करून रंगवायची हौस कुणाला आली, तर नवल नाही. फक्त ब्रश हाती घेण्याआधी त्याने एक गोष्ट ठरवायला हवी: या गाडीत मूळ काय आणि नंतरचं काय?

टाटा-मर्सिडीज घ्या. रेल्वे इंजिनं बनवायला १९४५ साली निघालेल्या टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपुरातून ट्रक निघू लागले. त्यांतल्या ‘एल ३१२’चं डिझेल इंजिन सहा सिलिंडरचं, सुमारे ४.६ लिटरचं. ताकद नव्वद-शंभर अश्वशक्ती, म्हणजे आज साधी मोटारगाडीही तेवढी देते. पण ते ओझ्यासाठी केलेलं इंजिन होतं, पळण्यासाठी नाही. सकाळी हीटर तापू द्यायचा, मगच स्टार्टर मारायचा. घाई करणाऱ्याची बॅटरी बसायची. करार १९६९ मध्ये संपला, तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि ‘टी’ आला. तेव्हा १९७५ च्या गाडीला तारा ठोकू नये, कितीही शोभला तरी.

कंपनीकडून यायची ती बहुतेकदा नुसती चेसी: सांगाडा, इंजिन, चाकं आणि पुढचा काउल. ड्रायव्हर उघड्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून ती शेकडो किलोमीटर हाकत आणायचा. कॅबिन आणि हौदा बांधायचा तो बॉडीवाला, लाकडाचा सांगाडा करून वर पत्रा ठोकून. एकाच कारखान्याच्या दोन चेसी दोन गावांत दोन वेगळ्या गाड्या व्हायच्या. म्हणून आपल्याकडे ट्रक दुरुस्त करणं हे निम्मं सुतारकाम आहे, आणि परदेशी पुस्तकातली रंगसंगती शोधत बसणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो.

लाकूड कुजतं ते दाराच्या खांबांच्या बुडाशी, काचेच्या चौकटीखाली आणि खिळ्यांभोवती. वरून पत्रा धड दिसतो, बोटाने दाबला की आत भुसा. तिथे लांबी भरून रंग मारला तर एका पावसाळ्यात फुगवटे येतात. पत्रा उचलून खांबच बदलावा. वडशात सागाची वानवा नाही, मात्र लाकूड पावतीनिशी आणि वनखात्याच्या वाहतूक पासासह आणलेलं असावं. नाहीतर गाडी राहील बाजूला, आधी नाक्यावर खुलासे द्यावे लागतील. खिळ्यांऐवजी आरपार बोल्ट घातले की कॅबिन हलली तरी करकरत नाही.

जुना रंग कोरडा घासू नये. त्या काळच्या पिवळ्यात बहुधा लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं. ती धूळ घरच्या अंगणात, पोराबाळांत उडवायची नाही. वॉटर पेपर आणि पाण्याची बादली घ्यावी, तोंडाला मास्क बांधावा आणि निघालेला चिखल विहिरीपासून लांब, वेगळा गोळा करावा. मग धातू पूर्ण वाळवून रेड ऑक्साइड, त्यावर गरजेपुरती लांबी, पुन्हा घासणं आणि शेवटी एनॅमलचे पातळ हात. भर उन्हाळ्यात स्प्रे मारला तर रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळतो आणि खरखरीत बसतो. पावसाळी दमटपणात चकाकी मरते. उरतात दिवाळीनंतरचे कोरडे, निवांत महिने. नेमके तेच नाटकांचे महिने, तेव्हा पडदेही रंगवणाऱ्या पेंटरला आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाटकाचा पडदा काय, ट्रकचा फाळका काय, दोन्ही लांबून, घाईत आणि कमी उजेडात बघितले जाणार. बारीक नक्षीपेक्षा जाड अक्षर आणि त्याची काळी सावलीच तिथे काम करते.

कायद्याचं मात्र जमत नाही. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली: २० हजार रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. पण ती दुचाकींना आणि प्रवासी मोटारींना. मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसतच नाही. महाराजाची मोटार वारसा ठरते. धान वाहणारी गाडी निव्वळ जुनी, आणि तिला मालवाहू वाहनाच्या नेहमीच्या नोंदणीतून नि फिटनेसमधून जावं लागतं. हे मला पटत नाही.

फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं का, हा शेवटचा वाद. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली, कर्णकर्कश हॉर्नना चिथावणी मिळते म्हणून. त्याविना फाळका बोडका दिसतो हेही खरं. अंगणातच राहणाऱ्या गाडीवर खुशाल लिहावं. रस्त्यावर न्यायची असेल तर ते वेगळ्या पाटीवर रंगवून चार स्क्रूंवर बसवावं, म्हणजे फाटकाबाहेर पडताना काढता येतं.