स्वयंपाकघरातील उपकरणे, कपाटे व ओटा यांचा मेळ : एक विवेचन

प्रस्तावना :
चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक शहरी घरांत उभ्या ओट्यावर आला आणि गृहव्यवस्थापनशास्त्रापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. बसून काम करणाऱ्या व्यक्तीस पाट बदलता येत असे. दगडी ओटा मात्र एकदा बसविला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद महिलेने जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या गृहनिर्माण योजनेसाठी कपाटे, ओटा व शेगडी यांचा एकत्र विचार करून स्वयंपाकघर आखले. गृहिणीचे श्रम व येरझारा वाचविणे हा त्यामागील हेतू होता. आजच्या मॉड्युलर स्वयंपाकघरात देखणेपणापुढे हा मूळ हेतू अनेकदा मागे पडतो. प्रस्तुत लेखात या मेळाची तत्त्वे स्पष्ट केली आहेत.

१) ओट्याची उंची :
उभ्याने काम करताना ओटा कोपरापेक्षा सुमारे १० ते १५ सेंमी खाली असावा, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंमी आहे. कोपराची उंची एकूण उंचीच्या सुमारे ६३ टक्के, म्हणजे ९६ सेंमी धरल्यास ओटा ८१ ते ८६ सेंमी उंच असावा. कणीक तिंबणे व पोळ्या लाटणे यांत वरून दाब द्यावा लागतो. त्यासाठी याहूनही थोडी खालची पातळी सोयीची ठरते.

शेगडी ओट्यावर ठेवल्यास हे गणित बदलते. ८५ सेंमी ओटा, १२ सेंमी शेगडी व १५ सेंमी पातेले मिळून पातेल्याचा काठ ११२ सेंमीवर, म्हणजे कोपराच्या बराच वर जातो. ढवळताना दंड उचललेला राहतो व खांद्यावर ताण येतो. ओट्यात बसविलेल्या हॉबमुळे हा काठ काही प्रमाणात खाली येतो. हॉबचा खरा लाभ हा आहे; शोभा ही दुय्यम बाब होय.

२) मापे व दगड :
हॉबसाठी दगड कापताना उत्पादकाने दिलेला साचाच प्रमाण मानावा. कापाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर ठेवावेत, कारण काटकोनात ताण एकवटून दगडाला तडा जातो. ग्रॅनाइटवर लिंबू-चिंचेचा परिणाम फारसा होत नाही. संगमरवर व कडप्पा हे चुनखडीयुक्त असल्याने आम्लाने त्यांचे डाग पडतात.

ओट्याखाली बसणाऱ्या भांडी धुण्याच्या यंत्रास साधारणतः ६० सेंमी रुंदी व किमान ८२ सेंमी उंची लागते. दगडाची जाडी २ सेंमी धरल्यास ओटा ८४ सेंमीपेक्षा खाली घेता येत नाही. १४५ सेंमी उंचीच्या स्त्रीस ही पातळी जास्त होते. अशा वेळी दोन पातळ्यांचा ओटा करावा : सिंकलगत यंत्रासाठी उंच भाग व कामासाठी खालचा भाग. यंत्रासाठी माणसाने आयुष्यभर हात उचलून काम करणे योग्य नव्हे.

३) हवा, उष्णता व गॅस :
फ्रीज आतील उष्णता बाहेर टाकतो. सुटा ठेवावयाचा फ्रीज कपाटात घट्ट बसविल्यास ही उष्णता कोंडते, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो व वीजखर्च वाढतो. म्हणून मागे, बाजूंना व वर उत्पादकाने सांगितलेली मोकळी जागा सोडणे आवश्यक आहे.

सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटास अगदी तळाशी झरोके हवेत. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने तेथे वरचे झरोके महत्त्वाचे ठरतात. दोन्ही इंधनांसाठी बर्नरचे जेट वेगळे असतात; इंधन बदलताना जेटही बदलावे लागतात. गॅसची नळी तपासता येईल व झडप हाताशी राहील, अशी ट्रॉल्यांची मांडणी असावी. चिमणी हॉबपासून साधारणतः ६५ ते ७५ सेंमी उंचीवर असावी आणि तिची नळी शक्य तितकी आखूड व कमी वळणांची असावी.

४) कामाचा क्रम :
प्रथम स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची उंची मोजावी, नंतर उपकरणे निश्चित करावीत व त्यांच्या मापांवरून आराखडा काढावा. त्यानंतर वीज व पाण्याची जोडणी, मग ओटा आणि अखेरीस कपाटे असा क्रम असावा. ओव्हनचा विद्युत खटका उपकरणामागे न घेता सहज हात पोहोचेल अशा जागी घ्यावा. कपाटे आधी करून उपकरणे नंतर आणल्यास दगड फोडण्याची किंवा हवेची जागा बुजविण्याची वेळ येते.

निष्कर्ष :
उपकरण, कपाट व ओटा यांचा मेळ हा केवळ सुतारकामाचा विषय नाही. त्यात काम करणाऱ्या व्यक्तीचे आरोग्य आणि घराची सुरक्षितता गुंतलेली आहे. म्हणून आराखड्यातील पहिले माप भिंतीचे नव्हे, तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराचे असावे.