मधली हवा

संगणकात डोंगर उभा करणं आता फारसं अवघड नाही. १९८० मध्येच लॉरेन कार्पेंटर यांनी ‘व्हॉल लिब्र’ या छोट्याशा चित्रफितीत फ्रॅक्टल गणितातून घडवलेल्या पर्वतरांगांवरून प्रेक्षकांना फिरवून आणलं होतं. अवघड आहे ते त्या डोंगराला डोंगराएवढं दिसायला लावणं. ब्रिटनच्या मॅट फेअरक्लफ यांचं ‘टेराजेन’ हे सॉफ्टवेअर मला मोलाचं वाटतं ते यासाठी.

टेराजेनमध्ये नवं दृश्य उघडलं की पायाखाली अख्खा ग्रह असतो. त्रिज्या पृथ्वीचीच, ६,३७८ किलोमीटर. त्याभोवती वातावरण. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या कितीतरी पट विखुरतात, म्हणून दूरची रांग निळसर होत जाते. धूळ आणि बाष्प तिला पांढुरकं करतात. हा रंग वरून चढवलेला नसतो. किरणाने किती हवा कापली, याचा हिशेब प्रत्येक ठिपक्यासाठी होतो.

नवशिक्याचा डोंगर छोटा वाटला, की तो त्याची उंची ताणतो. मग शिखरं टोकदार होतात आणि सगळं दिवाळीतल्या किल्ल्यासारखं दिसतं. खरं तर उंचीला हातही लावू नये. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा, मधली हवा किंचित दाट करावी. तोच डोंगर मैलभर मागे सरकतो आणि मोठा होतो.

सावलीचंही तसंच. आकाशात सूर्याचं बिंब सुमारे अर्ध्या अंशाचं दिसतं. त्यामुळे १०० मीटर दूरच्या कड्याची सावली जमिनीवर पडते तेव्हा तिची कड जवळपास मीटरभर विरलेली असते. पायाजवळच्या खड्याची मात्र रेखीव. दोन्ही सावल्या सारख्याच धारदार पडल्या, तर कारण सांगता आलं नाही तरी डोळ्याला खोटेपणा कळतो.

आणि सावली कधीच निव्वळ काळी नसते. तिच्यात आभाळाचा निळा उजेड उतरतो, समोरच्या उन्हातल्या उतारावरून परतलेला मातकट उजेडही मिसळतो. ही देवाणघेवाण मोजायला संगणकाला भरपूर वेळ लागतो, म्हणून घाईत तिलाच पहिली कात्री लागते. मला ते पटत नाही. झाडं कमी करावीत, चित्र लहान काढावं, पण सावलीतला उजेड राहू द्यावा. दरीची खोली त्यावरच ठरते.