दीडशे शब्दांचा लेख

मराठीचा पेपर म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चार-पाच पानांचा निबंध उभा राहतो. आरंभी एखादे सुभाषित, मग ‘प्राचीन काळापासून’ असे एक वाक्य, मध्ये गाईडातून पाठ केलेले तीन परिच्छेद आणि शेवटी देशाच्या भवितव्याविषयी आशा. विषय ‘दुष्काळ’ असो वा ‘माझा आवडता लेखक’, साचा तोच. या सवयीवर उतारा म्हणून आमच्या सरांनी गेल्या वर्षी तासाला छोट्या लेखनाचा पाठ सुरू केला. विषय एक, शब्द दीडशे, मुदत एक दिवस. प्रथम आम्हांला ते फार सोपे वाटले. वहीचे जेमतेम एक पान, त्यात अवघड ते काय? हा पाठ नेमके काय करतो, हे मला फार उशिरा कळले आणि तेच येथे सांगावयाचे आहे.

ही रीत तशी नवी नव्हे. प्राचीन ग्रीक वक्तृत्वशाळांत मोठे भाषण करू देण्याआधी विद्यार्थ्यांकडून लहान लहान पाठ लिहून घेत. एखादी नीतिकथा पुन्हा सांगणे, एखाद्या म्हणीचा विस्तार करणे, एखाद्या वस्तूचे वर्णन करणे, असे ते पाठ असत. चौथ्या शतकातील अफ्थोनियस याने अशा १४ पाठांचे पुस्तकच रचले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८८० नंतरच्या दशकात बॅरेट वेंडेल हे प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून रोजच्या रोज एक छोटा लेख लिहून घेत असत.

पण आपल्याला इतके दूर जाण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी सिद्ध केलेला महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ घ्या. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची घडण तीन भागांची आहे. चक्रधरस्वामींचे वचन ते सूत्र, ते पटवून देणारी लहानशी गोष्ट तो दृष्टांत, आणि गोष्टीचा वचनाशी मेळ घालणारे दार्ष्टांतिक. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट त्यात आहेच. सरांनी एक आठवडा आम्हांला याच घडणीत लिहावयास लावले. आमची फजिती झाली ती सूत्रापाशी. गोष्टी सर्वांकडे होत्या, पण ती गोष्ट आपण कशासाठी सांगत आहोत, हे एका वाक्यात सांगणे कोणालाच जमेना.

एकोणिसाव्या शतकात लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ ते १८५० या काळात १०८ पत्रे लिहिली, तीही आटोपशीरच. पुढे १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघाली आणि प्रौढ, दीर्घ निबंधाला प्रतिष्ठा आली. शास्त्रीबोवांच्या लांबीमागे युक्तिवादाचे बळ होते. आपण वर्गात त्यातली लांबी तेवढी उचलली, असे मला वाटते. (पेपर तपासणारेही पाने मोजतात, असा आपला एक समज आहे. तो खरा की खोटा हे प्राध्यापकांनीच सांगावे.)

आता माझा अनुभव. एके दिवशी विषय मिळाला ‘घरातील एक वस्तू’. मी कोयता निवडला. पहिला खर्डा असा होता: ‘कोयता हे शेतकऱ्याचे एक उपयुक्त अवजार आहे. भारत हा कृषिप्रधान देश असून येथे विविध अवजारे वापरली जातात.’ दीडशे शब्द भरले. सरांनी तांबड्या शाईने एकच प्रश्न लिहिला, ‘हा कोणाचा कोयता?’

या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नव्हते. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मी आजीजवळ राहते. आमच्या भागात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणजे हिशेबात माणसे दोन, पण नाव अवजाराचे. दुसऱ्या खर्ड्यात मी हे लिहिले, मात्र ‘उचल’ खोडून ‘आगाऊ रक्कम’ केले आणि ‘कोपी’च्या जागी ‘झोपडी’ घातली. आपली भाषा अशुद्ध ठरेल, ही भीती. सरांनी दोन्ही शब्द परत आणले. ते म्हणाले, “आगाऊ रक्कम बँकही देते. उचल म्हटले की सहा महिने कोणाच्या अंगावर पडतात ते कळते.”

येथे मला मुक्ता आठवली. महात्मा फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा लेख एका विद्यार्थिनीचा होता, ही गोष्ट आपण विसरतो. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, हे तिने त्यात मांडले. असा तपशील गाईडात मिळत नाही. तो घरी पाहिलेला असावा लागतो आणि तो लिहिण्याचे धैर्यही असावे लागते.

दीडशे शब्दांची अट नेमके हेच काम करते. मोठ्या निबंधात लपायला जागा पुष्कळ असते. छोट्या लेखात पहिल्या चार ओळी विशेषणांत गेल्या की सांगावयाचे राहूनच जाते आणि ते लगेच दिसते. आमच्या वर्गात लेख मोठ्याने वाचून दाखवीत असत. बहुतेक वेळा पहिला परिच्छेद काढून टाकला तरी काही बिघडत नसे! पुढे पुढे आम्ही तो लिहिणेच सोडले.

तिसरा खर्डा मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती तेव्हा कारखान्याच्या फडावर होती. तिने सारे ऐकून घेतले, उचलीबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढेच म्हणाली, “मोळी दोरीनं बांधतात असं लिवलंस व्हय? वाढ्यानं बांधतेत, बाई.”

मी ‘दोरीने’ खोडून ‘वाढ्याने’ लिहिले. शब्दसंख्या तेवढीच राहिली.