चाराचा एक

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की विदर्भातील शेतकरी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवून देतो. तीच पऱ्हाटी बेताच्या हवेत भाजून तिचा कोळसा, म्हणजे बायोचार, केला आणि शेणखतात मुरवून शेतात घातला, तर जमिनीची ओल टिकते व कर्ब दीर्घकाळ मातीत राहतो, हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. परंतु यवतमाळकडील एका गावी अशा कोळशाचे पोते उघडताच डांबराचा उग्र दर्प आला, आणि जे पिकाच्या मुळाशी जायचे त्याला हा वास यावा कशाला, या शंकेने मी तेथील भट्टीपाशी जाऊन बसलो.

भट्टी म्हणजे वर रुंद, खाली निमुळती लोखंडी कढई. तळाशी जाळ करावा, वरचा थर राखेने पांढुरका झाला की नवा द्यावा, आणि कढई भरताच पाण्याने विझवावी, एवढीच कृती. ती करणारी बाई साठीच्या घरातली. “चाराचा एकच राह्यते, भाऊ,” ती म्हणाली. चार किलो पऱ्हाटी जाळावी तेव्हा किलोभर कोळसा हाती लागतो, आणि मजुरी कोळशाच्या वजनावर असल्यामुळे हा हिशेब तिला मुखोद्गत.

तिची नजर मात्र अखंड ज्वाळेवर. तापलेल्या काडीतून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतच जळून गेला तर कोळसा स्वच्छ उतरतो. ओली काडी पडली किंवा घाईने जाड थर दिला गेला, की ज्वाळा बसते, पिवळसर धूर उठतो आणि त्यातील डांबर निवताना कोळशाच्याच छिद्रांत ठाण मांडते. कर्करोगाला कारण ठरलेले बेंझोपायरीन व त्याचे सगोत्र हायड्रोकार्बन या डांबरातच असतात. युरोपातील बायोचार प्रमाणपत्राने अशा 16 संयुगांची बेरीज सेंद्रिय शेतीसाठी किलोमागे काही मिलिग्रॅमवर रोखली आहे. बाई एक तुकडा ओल्या अंगठ्याखाली चुरडते; काळे पाण्याने निघून गेले तर माल चोख, तेलकट राहिले तर पुन्हा जाळात. प्रयोगशाळेच्या दाखल्याची सर या अंगठ्याला नाही, हे खरे. पण त्या गावापुरती तपासणी म्हणून जी काही होते ती हीच, आणि तिचा मला आदर वाटला.

ढिगातून तिने पीव्हीसी नळीचा एक तुकडा उपसून दूर भिरकावला. त्यातील क्लोरीन जाळात गेले तर डायॉक्सिन तयार होऊ शकते. रंग दिलेली चौकट, वाळवीचे औषध मुरवलेले लाकूड यांचा प्रकार तर याहून चिवट, कारण शिसे, तांबे, क्रोमियम यांना जाळ नष्ट करीत नाही. चाराचा एक होतो तो लाकडाचा. धातू बहुतांशी जिथल्या तिथे राहतो आणि चार किलोंत विखुरलेला होता तो एका किलोत गोळा होतो.

मातीची चिंता वाहणारे पुष्कळ भेटले; त्या पिवळ्या धुरात दिवसभर उभ्या असलेल्या छातीची विचारपूस कोणी केल्याचे ऐकले नाही. शिवाय वजनावर मजुरी देण्याची ही रीतच मला अनिष्ट वाटते. अर्धवट भाजलेली काडी वजनाला भारी भरते, चाराचा दीड पदरात पडतो. म्हणजे ज्वाळा नीट राखणारीला कमी आणि डांबरट माल उतरवणारीला अधिक दाम मिळणार. रोजाने मजुरी द्यावी आणि मृगापूर्वी पऱ्हाटी झाकायला ताडपत्री द्यावी, ही त्या बाईची मागणी भट्टीच्या मालकाने अद्याप मान्य केलेली नाही.