‘आय ॲम नॉट इन लव्ह’ : एका सॉफ्ट रॉक गीताची घडण

सिंगल आणि सॉफ्ट रॉक

सिंगल म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेली, मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची ध्वनिमुद्रिका. १९७० च्या दशकात रेडिओ, दुकान आणि लोकप्रियतेची साप्ताहिक यादी हे तिन्ही या तबकडीभोवती फिरत. सॉफ्ट रॉक हा त्या काळात बहरलेला प्रकार. रॉकमधील गिटार, बास आणि ड्रम कायम ठेवून आवाजाची धार त्यात कमी केली जाते. चाल, गायन आणि स्वरसंवाद यांना अग्रस्थान मिळते. बँडचे चार जण एका खोलीत वाजवून जे देऊ शकत नाहीत, ते ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने मिळवणे हा या प्रकाराचा खरा गाभा. इंग्लंडमधील ‘टेन सीसी’ या बँडचे १९७५ मधील ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

चौघे आणि त्यांचा स्टुडिओ

एरिक स्ट्युअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम हे बँडचे चार सदस्य. गोल्डमन हे इतर बँडसाठी यशस्वी गीते लिहिणारे कसलेले गीतकार. गॉडली आणि क्रीम कलाशाळेत शिकलेले, प्रयोगाकडे ओढा असणारे. स्ट्युअर्ट गायक होतेच, शिवाय ध्वनिमुद्रण अभियंतेही होते. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावातील ‘स्ट्रॉबेरी’ या स्टुडिओत त्यांची भागीदारी होती. ही शेवटची बाब निर्णायक ठरली. भाड्याच्या स्टुडिओत तासाला पैसे मोजणाऱ्या बँडला एका पार्श्वध्वनीवर तीन आठवडे घालवणे परवडले नसते.

पहिले रूप

गीत स्ट्युअर्ट आणि गोल्डमन यांचे. ‘तुझ्यावर प्रेम आहे’ असे आपण पुरेशा वेळा म्हणत नाही, या पत्नीच्या तक्रारीतून स्ट्युअर्टना कल्पना सुचली. सारखे म्हटले तर शब्दाचा अर्थच झिजेल, असे त्यांना वाटत होते. म्हणून प्रेमाचा इन्कार करत ते व्यक्त करणारे गीत त्यांनी लिहायला घेतले. पहिली आवृत्ती ब्राझीलमधील बोसा नोव्हा शैलीच्या ठेक्यावर बांधली होती. ती गॉडली आणि क्रीम यांना रुचली नाही आणि तिचे मुद्रण पुसून टाकण्यात आले. मात्र स्टुडिओतील कर्मचारी तीच चाल गुणगुणत राहिल्याचे स्ट्युअर्टच्या ध्यानात आले. गीत पुन्हा करायचेच असेल तर वाद्यांऐवजी केवळ आवाजांनी करावे, असे गॉडलींनी सुचवले. त्यासाठी टेपच्या वेटोळ्या वापरण्याची युक्ती क्रीम यांची.

अठ्ठेचाळीस आवाजांचा एक स्वर

स्टुडिओतील यंत्र सोळा ट्रॅकचे होते, म्हणजे एकाच टेपवर सोळा स्वतंत्र पट्ट्यांत मुद्रण करता येई. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम एका माइकभोवती उभे राहून एकच स्वर आकारात गात, आणि हेच सोळा वेळा केले जाई. तीन गायक आणि सोळा ट्रॅक मिळून एका स्वरासाठी ४८ आवाज तयार होत. सप्तकातील प्रत्येक अर्धस्वरासाठी ही क्रिया पुन्हा करण्यात आली. या गीताच्या संदर्भात सांगितला जाणारा ६२४ आवाजांचा आकडा म्हणजे ४८ आणि १३ यांचा गुणाकार: बारा स्वर आणि वरचा षड्ज. इतक्या आवाजांचा परिणाम केवळ मोठेपणाचा नसतो. प्रत्येक वेळी स्वर किंचित वरखाली लागतो, श्वास वेगळ्या जागी पडतो. हे सूक्ष्म फरक एकमेकांत मिसळले की कोणा एकाचा गळा ओळखू येत नाही आणि व्यक्तिविरहित, तरंगता नाद उरतो. मानवी आवाजाची ऊब मात्र त्यात टिकून राहते.

टेपची वेटोळी

एका दमात स्वर काही सेकंदच टिकतो. गीत सहा मिनिटांचे होते. म्हणून ४८ आवाजांचे मिश्रण दुसऱ्या टेपवर घेऊन तिची टोके चिकटवली गेली. अशा वेटोळीला लूप म्हणतात. ती फिरत राहील तोवर स्वर तुटत नाही. जोडाच्या जागी दर फेऱ्याला बारीक खट् असा आवाज येतो. तो कमी वेळा यावा म्हणून वेटोळी सुमारे बारा फूट लांब ठेवली होती. ती यंत्राबाहेर काढून माइकच्या स्टँडवर बसवलेल्या चाकाभोवती फिरवावी लागे. त्या काळी मेलोट्रॉन या वाद्यातही मुद्रित आवाज पट्टीगणिक वाजत, पण त्याच्या प्रत्येक पट्टीमागील टेप सुमारे आठ सेकंदांत संपे. लूपने ती मर्यादा ओलांडली.

मिक्सर हेच वाद्य

सर्व लूप एकेक करून पुन्हा सोळा ट्रॅकच्या टेपवर उतरवले गेले. आता मिक्सरवरचा प्रत्येक फेडर, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी, एकेका स्वराचा मालक झाला. चौघांनी प्रत्येकी तीन-चार फेडर वाटून घेतले आणि गीताच्या स्वरसमूहानुसार ते वर-खाली केले. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे नको असलेले स्वरही अगदी मंदपणे वाजत राहिले. तानपुरा गायकाला मोजक्या स्वरांचा आधार देतो. येथे सर्व बारा स्वरांचा धूसर थर सतत खाली पसरलेला आहे. गीत ऐकताना जो अस्वस्थपणा जाणवतो, त्याचे मूळ माझ्या मते याच चिकटपट्टीत आहे.

उरलेली वाद्ये आणि एक कुजबुज

वाद्ये मोजकीच आहेत: स्ट्युअर्टचा फेंडर रोड्स हा इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची गिटार आणि गॉडलींनी मूग सिंथेसायझरवर काढलेला, हृदयाच्या ठोक्यासारखा बास ड्रम. मध्यभागी काहीतरी उणे आहे असे वाटत असताना स्टुडिओतील स्वागतिका एक निरोप हळू आवाजात सांगायला आत आली. तो आवाज ऐकताच हीच ती उणीव भरून काढणार, हे ठरले. मोठ्या मुलांनी रडू नये अशा आशयाचे वाक्य तिच्याकडून कुजबुजत म्हणून घेण्यात आले.

शब्द आणि ध्वनी यांचा विरोध

निवेदक सतत नाकारतो: प्रेम नाही, हा क्षणिक उमाळा आहे, भिंतीवरचे तिचे छायाचित्रही डाग झाकण्यापुरते आहे. स्ट्युअर्ट हे फारशी भावना न दाखवता गातात. पाठीमागचा आवाजांचा लोट मात्र प्रत्येक इन्कार खोटा पाडतो. हे काम वाद्यवृंदाला जमले नसते, असे वाटते; नाकारणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला माणसांचेच आवाज हवे होते. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेली लोकप्रिय गीते थोडी आहेत.

प्रकाशन आणि स्वीकार

गीत मार्च १९७५ मध्ये ‘दि ओरिजिनल साउंडट्रॅक’ या अल्बममध्ये आले. सिंगल म्हणून आधी त्याच अल्बममधील ‘लाइफ इज अ मिनेस्ट्रोनी’ हे हलकेफुलके गीत निघाले. ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ मे महिन्यात आले. अडचण लांबीची होती. रेडिओला तीन-चार मिनिटांची गीते हवी असत, आणि लहान तबकडीवर जास्त वेळ बसवायचा तर खोबणी जवळ घ्याव्या लागतात व आवाजाची पातळी उतरते. अमेरिकेत ते चार मिनिटांच्या आत कापले गेले. ब्रिटनमध्ये जूनच्या अखेरीस ते पहिल्या स्थानी पोहोचले आणि दोन आठवडे तेथे राहिले. अमेरिकेत ते सलग तीन आठवडे दुसऱ्या स्थानी होते, आणि त्या तीन आठवड्यांत पहिले स्थान तीन वेगवेगळ्या गीतांकडे होते: व्हॅन मॅककॉयचे ‘द हसल’, ईगल्सचे ‘वन ऑफ दीज नाइट्स’ आणि बी जीजचे ‘जाइव्ह टॉकिन’. यांपैकी ‘द हसल’ आणि ‘जाइव्ह टॉकिन’ ही डिस्कोची. लोकांचे पाय त्या ठेक्याकडे वळत असताना जवळजवळ ठेकाच नसलेले गीत इतके वर टिकले.

मर्यादा

पद्धत पुनरुक्तीला फारशी अनुकूल नव्हती. दर पुनर्मुद्रणाला टेपची खरखर वाढते, श्रम अफाट लागतात, आणि मंचावर हा ध्वनी चौघांच्या गळ्यांतून निघणे अशक्य. बँडही फार काळ एकत्र राहिला नाही; १९७६ मध्ये गॉडली आणि क्रीम बाहेर पडले.

पुढचे धागे

१९७७ मध्ये बिली जोएलच्या ‘जस्ट द वे यू आर’ साठी निर्माता फिल रामोन यांनी याच गीतावरून स्फूर्ती घेऊन आवाजांचे लूप वापरले. पुढे डिजिटल सॅम्पलर आले. मुद्रित आवाज स्वरागणिक साठवून हवा तितका वेळ धरून ठेवायचा, हे स्टॉकपोर्टमधले काम आता एका पट्टीच्या दाबावर होऊ लागले. विल टू पॉवर या गटाने १९९० मध्ये केलेले पुनर्गायन अमेरिकेच्या यादीत सातव्या स्थानापर्यंत गेले. २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या चित्रपटाच्या आरंभी, आई मृत्युशय्येवर असताना रुग्णालयात बसलेला मुलगा वॉकमनवर हेच गीत ऐकतो. त्या चित्रपटातील जुन्या गीतांचा संग्रह अमेरिकेच्या अल्बम यादीत पहिला आला.