दाट कुणाला, पातळ कुणाला?

दिवाळी तोंडावर आली की, ज्या घरांत आकाशकंदील अजून घरीच करतात, त्या घरांत एखाद्या पातेलीत मैद्याची खळ शिजते. कामट्या बांधून होतात, रंगीत कागद चिकटतात, कंदील वर चढतो. आणि उरलेली खळ वाटीत तशीच राहून जाते. दुसऱ्या दिवशी पाहावे तर ती पार थिजलेली! तिच्यात चमचा उभा राहतो. मोहरीचा दाणा टाकला तर टाकला तिथेच बसून राहतो. पण मुलांच्या हातून शाईचा एखादा थेंब तिच्यावर सांडला, तर गंमत पाहा. सकाळचा टिपका संध्याकाळपर्यंत पसरट होतो आणि निळाई हळूहळू खाली झिरपते.

आता सांगा, ही खळ दाट की पातळ? मोहरीला विचाराल तर ती म्हणेल, "ही तर भिंत आहे." शाईला विचाराल तर ती म्हणेल, "छे, हे तर पाणी!" आणि मौज अशी की दोघींचेही म्हणणे खरे आहे.

असे का व्हावे? खळीत मैदा थोडा आणि पाणीच फार. पिठातल्या पिष्टाचे रेणू म्हणजे साखरेचे हजारो मणी ओवलेल्या लांबच लांब माळा. अशा माळांना शास्त्रज्ञ पॉलिमर म्हणतात. खळ शिजताना या माळा फुगून मोकळ्या होतात, आणि निवताना एकमेकींत गुंतून त्यांचे जाळे बनते. जाळ्याच्या छिद्रांत असते ते साधे पाणीच. शाईच्या रंगाचा रेणू एखाद्या नॅनोमीटरएवढा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तो रेणू छिद्रांतून सहज निघून जातो. मोहरी त्याच्या दहा लाख पटींहून मोठी. तिला छिद्रे कुठली दिसायला!

ही गोष्ट प्रथम नीट पारखली ती टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी. मीठ जेलीतून जवळजवळ पाण्यातल्या इतक्याच वेगाने पसरते, पण डिंकासारखे पदार्थ मात्र अडून बसतात, असे त्यांना आढळले. अशा अडून बसणाऱ्या पदार्थांना त्यांनी 1861 साली 'कोलॉइड' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. म्हणजे या शास्त्राचे बारसे चिकटवण्याच्या वस्तूवरूनच झाले म्हणायचे!

पण कण मुळात हलतात तरी का? 1827 साली रॉबर्ट ब्राउन यांना परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धक्के देत असतात, म्हणून ही थरथर. 1905 साली आइन्स्टाइन यांनी तिचे गणित मांडले. कण जितका मोठा आणि द्रव जितका दाट, तितके हे पसरणे मंद. त्या गणिताने शंभर नॅनोमीटरच्या कणाला साध्या पाण्यात एक मिलिमीटर सरकायला दिवसाहून थोडा अधिक वेळ लागतो. आणि एक सेंटिमीटर? दहा दिवस म्हणाल, तर चुकाल. त्याला सुमारे चार महिने लागतात! भटकणाऱ्याला सरळ रस्ता नसतो. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो.

साध्या पाण्यात हे गणित चोख उतरते. पण जाळ्यात 'दाटपणा' कुणाचा धरायचा? छिद्रातल्या पाण्याचा, की सबंध खळीचा? याचे उत्तर कणाच्या मापावर ठरते. कण छिद्राहून लहान असेल तर त्याला पाणीच भेटते. मोठा असेल तर सारे जाळे आडवे येते. त्यातही दोन प्रकार आहेत. माळा नुसत्या विरघळलेल्या असतील तर त्या स्वतःही हलतात. दाटीतली माळ सापासारखी आपल्या अंगाच्या वाटेने सरपटते, हे फ्रान्सच्या पियेर-जील द जेन यांनी 1971 साली दाखवले. त्यांना 1991 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माळ सरकली की अडकलेल्या कणाला वाट मिळते. मात्र माळांच्या गाठी पक्क्या बसल्या, म्हणजे जेल झाले, की मोठा कण आपल्या पिंजऱ्यात जन्मभर थरथरत राहतो.

तुम्ही म्हणाल, हे सारे खळीपुरते ठीक आहे. आम्हाला त्याचे काय? तर असेच एक जेल आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. नाक, फुप्फुसांच्या नळ्या, आतडी, डोळे यांवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो. धूळ आणि जंतू पकडून बाहेर टाकणे हे त्याचे काम. पण हा पहारेकरी चोर आणि वैद्य यांत फरक करीत नाही. औषधाचे कणही तो पकडतो आणि धुऊन टाकतो.

मग औषधाचे कण आणखी बारीक केले की झाले? नाही. 2001 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी एक तुलना केली. अडतीस नॅनोमीटरचे विषाणूसारखे कण श्लेष्म्यातून पाण्यातल्यासारखे निघून गेले. पण एकोणसाठ नॅनोमीटरचे प्लॅस्टिकचे मणी त्यातच चिकटून बसले. म्हणजे नुसते अंग बारीक असून भागत नाही, ते निसटतेही हवे. विषाणूंचा हा गुण औषधाला देता येईल का? 2007 साली त्याच विद्यापीठातील जस्टिन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा दाट, आखूड लेप दिला. पाचशे नॅनोमीटरचे लेप दिलेले कण श्लेष्म्यात पाण्यातल्यापेक्षा जेमतेम चौपट मंद झाले. लेप नसलेले मात्र काही हजार पटींनी.

याचे फळ डोळ्यांपर्यंत पोहोचले आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडचे थेंब घालतात. ते बहुधा दिवसातून चार वेळा घालावे लागतात. कारण पापण्या मिटतात, अश्रू वाहतात आणि औषध धुऊन जाते. याच विद्येवर तयार झालेल्या थेंबांना 2018 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदाच पुरतात. ज्या घरात आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालण्यासाठी कुणाला तरी घड्याळाकडे डोळे लावून बसावे लागते, त्या घराला चारांचे दोन होण्याची किंमत विचारावी!

तेव्हा या दिवाळीत खळ उरली तर लगेच फेकू नका. शाईचा एक थेंब टाका, शेजारी मोहरीचा दाणा ठेवा आणि मुलांना विचारा, "ही दाट की पातळ?" उत्तर देण्याआधी जे मूल "कुणाला?" असे उलट विचारील, त्याला खुशाल एक करंजी जास्त द्या.